पुढच्या रविवारची जखम

हॅलो?

हां वहिनी, बोल… नाही गं, बोल ना, जेवायचीच सुट्टी आहे. जेवण राहिलंय ते सोड. दोनला माझा वर्ग आहे, त्याची मांडामांड चाललीय… अगं तोच, मंगळवारचा. जखमवाल्यांचा. बारा-पंधरा जण येतात, आपली पट्टी आपण कशी बांधायची ते शिकवते… हो ना. आमच्या त्वचेच्या डॉक्टरांचं एकच म्हणणं: मलम मी लिहून देतो सिस्टर, पण घरी गेल्यावर पेशंट त्याचं काय करतो ते तुमचं खातं.

तू एवढं हळू का बोलतेयस?

कोण ऐकतंय? बाबा घरात नाहीत का?… रीळ आणायला गेलेत. मग बोल की मोठ्यानं!

काय सापडलं?… बाबांच्या मशीनच्या खणात? अगं, त्यांच्या खणात हात कशाला घातलास? लहानपणी मी त्यातली कात्री घेतली होती तर दोन दिवस बोलले नव्हते माझ्याशी… बरं. बटण हवं होतं. मग?

प्लास्टिकचे कागद. हो, ते मीच दिलेत त्यांना. त्यांच्या घोट्यावरच्या जखमेचं माप घ्यायला… अगं, दर रविवारी नाही का घेत ते? पारदर्शक कागद जखमेवर धरायचा, कडेकडेनं पेन फिरवायचं, खाली तारीख घालायची. मग शेजारी मोजपट्टी ठेवून कागदाचा फोटो मला पाठवायचा… जखमेचाच फोटो का नाही? कारण फोन जवळ नेला की जखम मोठी दिसते, लांब नेला की लहान. कागदाचं तसं नाही. कागद खोटं बोलत नाही… हो, हो, वर्गातलंच वाक्य आहे. तोंडपाठ झालंय, काय करू.

बरं, मग त्यात घाबरण्यासारखं काय आहे? आठ रविवार झाले, आठ कागद असतील.

बारा?

बारा कसे असतील? चार कोरे असतील… कोरे नाहीत? रेघ आहे? आणि तारीख?

काय तारीख आहे? वाच.

परत वाच.

वहिनी, आज मंगळवार. तू म्हणतेयस ती तारीख पुढच्या रविवारची आहे.

नाही, नाही, थांब. चुकून घातली असेल. वयानं होतं असं, मीसुद्धा परवा केसपेपरवर… पुढच्यावर काय आहे? त्याच्या पुढचा रविवार?… आणि त्याच्या पुढचा? लहान लहान होत गेलीय. आणि शेवटच्यावर?

शेवटच्यावर नुसती तारीख. जखमच नाही.

म्हणजे भरली.

एक मिनिट हं… एक मिनिट. मला बसू दे.

अगं, जी जखम अजून व्हायचीय तिचं माप हा माणूस आधीच काढून बसलाय! पुढच्या रविवारची जखम या मंगळवारी खणात तयार! मी आयुष्यात… पंधरा वर्षं झाली मला या कामात. पट्टी न बांधता बांधली म्हणणारे पाहिले, सिगरेट ओढून वास खिडकीतून आला म्हणणारे पाहिले. पण हे?

आणखी? आणखी काय आहे खणात?… खाकी कागद. कटिंगचा?… त्याच्यावर काय काढलंय? नीट सांग. एकात एक?… एकात एक नऊ रेघा. सगळ्यात मोठी बाहेर, सगळ्यात लहान मध्ये. आणि प्रत्येकीवर नंबर.

अगं बाई.

अगं, हे शर्टाचं करतात तसं केलंय त्यांनी! एक माप काढायचं, मग चहूबाजूंनी पाव इंच आत घेतलं की खालचं माप. बेचाळीस, चाळीस, अडतीस… दुकानात भिंतीवर टांगलेले असायचे ना ते खाकी साचे, आठवतात तुला? तसाच जखमेचा साचा कापलाय. शिंप्यानं जखमेची मापं उतरवलीत!

हसू नको… मीही हसत नाहीये. मला काय होतंय ते मलाच कळत नाहीये.

थांब, फोन धरून ठेव. भिंतीवरचे काढते मी… अगं, इथल्या भिंतीवर आहेत ना त्यांचे आठ कागद! मी प्रिंट काढून लावलेत, ओळीनं. बघा, हे आमचे शिंपीकाका, आठ आठवड्यांत चार सेंटीमीटरवरून दोनवर आले, कारण हे रोज पट्टी बांधतात. दर मंगळवारी छाती फुगवून सांगते मी हे… नाही, बाबा आहेत असं सांगितलंय ना, सगळ्यांना माहितेय. सगळे त्यांना शिंपीकाकाच म्हणतात.

हं. खिडकीच्या काचेवर धरलेत. एकावर एक… पहिला, दुसरा… हे दोन वेगळे आहेत. पहिला वाकडातिकडा, खाली एक शेपूट आहे. दुसऱ्यात शेपूट जरा आखूड आणि वरची बाजू फुगलेली. असंच असतं खऱ्या जखमेचं. आता तिसरा…

तिसऱ्यापासून एकात एक. चहूबाजूंनी सारखं अंतर. पट्टीनं मोजून घ्यावं इतकं सारखं.

वहिनी, जखम कधी चारी बाजूंनी सारखी भरत नाही गं. कधीच नाही. एका अंगानं पुढे येते, एका अंगानं अडून बसते. नव्या पोरींना मी पहिल्या दिवशी शिकवते हे. आणि माझ्या डोळ्यांसमोर आठ आठवडे लटकलं होतं! येता-जाता बघत होते, अभिमानानं बघत होते. कुणा परक्याचे कागद असते तर दुसऱ्याच मिनिटाला त्याचा कान पकडला असता.

… कोण आहे? मावशी, पाच मिनिटं… बसू दे त्यांना बाकावर. आणि आचारीकाकांना सांगा पाय लोंबकळत ठेवू नका, समोरच्या खुर्चीवर घ्या… हां वहिनी. काही नाही, वर्गातली माणसं आली. ते आचारीकाका तर महिन्यापूर्वी सोडूनच चालले होते. म्हणाले, सिस्टर, दिवसभर भट्टीपुढे उभा राहतो, मला नाही जमायची ही पट्टी. मी हे कागद दाखवले. म्हटलं हे बघा, बहात्तर वर्षांचा माणूस करतोय. राहिले बिचारे. रोज बांधतात. आणि त्यांची खरीच भरत आलीय… हो. बाबांचे खोटे कागद बघून त्यांची खरी भरली. आता याला काय म्हणायचं सांग.

ते जाऊ दे. खरी जखम कशी आहे? तू कधी बघितलीस?

एकदाही नाही? आठ आठवड्यांत एकदाही?… हो, माहितेय तुला रक्त बघवत नाही, पण… दार लावून घेतात. हो. दार लावून घेतात, स्वतःचं स्वतः करतात. मीच सांगितलं होतं. कुणावर अवलंबून राहू नका, सुनेला त्रास नको, शिकून घ्या. शाबास मला.

अगं नाही, तुझ्यावर नाही चिडले. ऐक ना. ऐक, मी का घाबरले ते सांगते. आपण त्यांना इथे आणलं होतं तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते? शिरांची जखम दिसतेय, रक्तपुरवठा तपासला, ठीक आहे, दाबाची पट्टी बांधा. पण चार आठवड्यांत लहान व्हायला लागली नाही तर परत आणा, कडेचा तुकडा काढून तपासू. सहा वर्षं भरतेय-उघडतेय, अशी जुनी जखम कधी कधी वेगळीच निघते. हे बाबांसमोर बोलले होते. आणि चौथ्या आठवड्यात बाबांचा कागद आला तो लहान! डॉक्टरांना मी स्वतः नेऊन दाखवला. ते म्हणाले, छान, मग आता तपासायची गरज नाही.

हो. माझ्या हातानं नेऊन दाखवला.

काय वाजलं?… आले? बाबा आले? बरं झालं. नाही, लपवू नकोस! कागद टेबलावरच राहू देत. लपवालपवी पुरे झाली या घरात.

काय म्हणतायत?… नुसते बघतायत कागदांकडे?… बसले. बरं. रीळ हातातच आहे. वहिनी, त्यांना पाणी दे. आणि फोन देऊ नकोस. मागितला तरी देऊ नकोस. आधी पाय. बोलणं नंतर, आता ते बोलायला लागले की मी रडेन आणि पाय राहून जाईल.

तूच. तुलाच करावं लागेल. दादा संध्याकाळी येणार, तोवर मी नाही थांबू शकत… हे बघ, खुर्चीवर बसू नकोस. जमिनीवर बस, त्यांचा पाय तुझ्यासमोर पाटावर. चक्कर आली तर तिथल्या तिथे आडवी हो, पडायची भीती नाही. फोन स्पीकरवर टाक, बाजूला ठेव. हात धुतलेस? साबणानं?… मी दिलेल्या डब्यात हातमोजे आहेत. घाल.

हं. आता पट्टी सोड. बोटांपासून वर बांधलेली असते, तर वरून सोडत ये… काय म्हणजे पट्टी नाही?

मोजा आहे? कसला मोजा?

… शिवलाय?

अगं, ती इलॅस्टिकची पट्टी कापून शिवलीय? रोज गुंडाळायला नको म्हणून? बाबा! बाबा, ऐकू येतंय ना? ती पट्टी काय पँटीचं कापड आहे का हो!… काय? बाजूला काय आहे?

चेन.

चेन लावलीय. वहिनी, मी आता खरंच हात टेकले. चेन लावलेली पट्टी! फिटिंग चांगलं आहे म्हणतायत? असेलच, चाळीस वर्षं बाकी काय केलंय!

आणि वर? गुडघ्याखाली?… वर इलॅस्टिक घातलंय, घसरू नये म्हणून. किती घट्ट? खाली बोट जातं?… जात नाही. खोल वळ पडलाय. काढ तो मोजा. आत्ताच्या आत्ता काढ, चेन उघड, अडली तर कात्रीनं काप. बाबा, हूं की चूं करू नका, कापू द्या तिला!

अहो, दाब घोट्याशी जास्त आणि वर कमी कमी लागतो, म्हणजे खालचं रक्त वर चढतं. तुम्ही वरच गळा आवळलात! सूज जाणार कुठे?… निघाला? बोटं कशी दिसतायत? निळी? काळपट? बरोबर सांग… जांभळट. अंगठ्याचं नख दाब. पांढरं होईतो दाब, आता सोड आणि मोज… एक… दोन… तीन… चार? अजून?… बरं. पाय उशीवर घे. दोन मिनिटं थांबू. बोटं हलवा बाबा. हलतायत? सगळी?… गार आहेत का?… थोडी. बरं.

तू ठीक आहेस ना? श्वास घे. लांब घे. बाबांकडे बघ, पायाकडे नको… तेच तुला वारा घालतायत? घालू दे.

परत दाब नख… एक… लगेच लाल? नक्की? चल, एक तरी गोष्ट बरी झाली. देवा.

आता जखमेवरचं कापड. चिकटलंय?… ओढायचं नाही! उकळून गार केलेलं पाणी आहे ना, ते ओत. भरपूर. पाच मिनिटं भिजू दे. घाई केली की नवीन आलेलं कातडंही सोलून येतं… हो, वास येणार. कसा आहे? घाण? उंदीर मेल्यासारखा की नुसता ओलसर?… बरं. सांगत राहा. जे दिसतंय ते जसंच्या तसं सांग, मला बरं वाटावं म्हणून नाही.

सुटलं? निघालं?

…

बघ. मी आहे. बघ तू.

मोजपट्टी घे, लांबी मोज. सर्वांत लांब जागी… सहा. आडवी?… साडेचार.

माझ्या भिंतीवर दोन आहे वहिनी.

बरं. तळ कसा? लाल, दाणेदार? की पिवळा?… मध्ये पिवळट, बाजूला लाल. ठीक. आता कड. कडेकडेनं बघ. कड आत उतरते, बशीसारखी? की वर उचललीय?

उचललीय. सगळीकडून?… एका बाजूनं. खालच्या. कशी उचललीय? तुझ्या शब्दांत सांग.

उशीच्या अभ्र्याला गोट लावतात तशी.

… आहे. आहे मी, ऐकतेय. फोन कटला नाही. बोट लाव तिला, हातमोजा आहे ना… हळूच. मऊ की टणक?… टणक. आणि रक्त? नुसतं टेकवलं तरी आलं?… बरं. पुरे. हात काढ. स्वच्छ धू, मी डब्यात दिलंय ते न चिकटणारं जाळीचं कापड ठेव, त्यावर कापसाचा गादीसारखा पॅड, वरून साधी पट्टी सैल गुंडाळ. सैल. आज दाब नको. पावडर नाही, काही नाही.

छान केलंस. अगं, खरंच छान केलंस. माझ्या शिकाऊ पोरींपैकी निम्म्या उठून गेल्या असत्या… रड, रड आता. हातमोजे काढून रड.

मी? मला काय झालंय… नाही, मी काही म्हटलेलं नाही अजून. गोट म्हणजे काय ते मला कळलंय एवढंच.

बाबांना दे फोन. स्पीकर बंद कर आणि दे. तू स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी खा.

बाबा.

…

बाबा, बोला ना. मी काही खात नाही तुम्हाला.

का केलंत हे?… तिसऱ्या रविवारी वाढली होती? मग कळवायचं होतं ना! त्याच्यासाठीच तर तो कागद होता! वाढली तर वाढली दाखवायची, मोठी रेघ काढली म्हणून मी मारणार होते का तुम्हाला?

… कसल्या टाळ्या?

हो. पाठवल्या होत्या. दुसऱ्या रविवारचा कागद लावला तेव्हा वर्गानं वाजवल्या होत्या, मी आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता तुम्हाला… किती वेळा ऐकल्यात?… रोज? मशीनवर बसून?

अहो बाबा…

म्हणजे टाळ्या वाजल्या मंगळवारी, आणि त्या रविवारी जखम वाढलेली निघाली. म्हणून तुम्ही… माझं नाव खाली जाईल? माझं नाव तुमच्या घोट्यावर टांगलंय का हो? डॉक्टर काय म्हणतील, सिस्टरच्या बापालाच जमत नाही, असं? हे तुम्हाला वाटलं?… तोवर खरीच भरेल असं वाटलं. आधी कागद, मग जखम मागून येईल. बारा आठवड्यांनी दोन्ही सारखे होतील.

नाही होत, बाबा. कापड कापून मापात आणता येतं. हे नाही.

ओरडत नाहीये. आवाज चढतोय तो… रडतेय म्हणून चढतोय. थांबा जरा.

हं.

नाही, माझीही चूक आहे. ऐका. मी तुमचे कागद आठ आठवडे बघितले आणि बघितलेच नाहीत. चहूबाजूंनी सारखी भरणारी जखम! डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं मी. बाप शहाण्यासारखा वागतोय, बघा बघा लोकहो. मला तेवढंच हवं होतं. आणि पेशंटला काय सांगते मी? लहान झाली की शाबास, लहान झाली की टाळ्या. मोठी झाली म्हणून धावत आला, त्याला कधी शाबास म्हटलं नाही मी. एकदाही नाही. पहिली शाबासकी त्याला द्यायला हवी होती.

… मावशी, आलेच! आलेच म्हटलं ना!

ऐका बाबा. उद्या इथे यायचं. दादाला मी फोन करते, तो सुट्टी काढेल. सकाळची पहिली गाडी… कसले गणवेश? किती?… सतरा गणवेश राहू देत सतरा दिवस! पोरं जुन्या कपड्यांत शाळेत जातील, मरत नाहीत. उद्या म्हणजे उद्या. गाडीत पाय समोर सीटवर, कुणी काही म्हणालं तर माझं नाव सांगा.

तुकडा काढतील. कडेचा. भाताच्या शितापेक्षा थोडा मोठा. आधी सुई देऊन बधिर करतात, दुखत नाही. आठ-दहा दिवसांत कळतं.

काय कळतं म्हणजे…

बाबा, तुम्ही नेमकं काय विचारताय? सरळ विचारा.

…

असू शकतो.

हो. कॅन्सर असू शकतो. मी आहे म्हणत नाही, नाही म्हणत नाही. फोनवरून कुणालाच सांगता यायचं नाही, तपासल्याशिवाय डॉक्टरांनाही नाही. पण कड तशी आहे. पेशंटनं सरळ विचारलं तर मी सरळ सांगते, तुम्हाला वेगळं कसं सांगू?… कातडीचा पुष्कळदा काढून टाकता येतो. वेळेवर आलात तर. पाच-सहा आठवडे गेलेत. ते काही मी परत आणू शकत नाही, तुम्हीही नाही. उद्याचा दिवस आपल्या हातात आहे.

पाय? पायाचं आत्ता नाही सांगता येत. खरंच नाही सांगता येत हो. माहीत असतं तर सांगितलं असतं.



माफी नका मागू. नका मागू ना असं. मला ऐकवत नाही.

कुणाला? वर्गाला?… हो, सांगणार. आत्ताच जाऊन सांगणार. भिंतीवरचे सगळे काढलेत, पहिले दोन तेवढे ठेवलेत. म्हणेन, हे दोन खरे, बाकीचे माझ्या बाबांनी प्रेमानं कापले आणि मी आंधळेपणानं लावले. मग प्रत्येकाला त्याचा स्वतःचा कागद काढायला लावेन, माझ्यासमोर, आज… आचारीकाका? ते बांधतील पट्टी. त्यांना त्यांची जखम दिसतेय ना भरताना. तुमच्या कागदाची गरज नाही आता त्यांना… हो, सांगते त्यांना, शिंपीकाकांनी विचारलंय म्हणून.

ड्रेसिंग उद्या इथे? कोण म्हणजे?

मी नाही करणार, बाबा.

रागावले म्हणून नाही हो… अहो ऐका ना. मला तुमची जखम दिसत नाही. आज कळलं मला ते. तुमचा पाय समोर आला की माझ्यातली सिस्टर कुठे पळते कुणास ठाऊक. पलीकडच्या टेबलावरची सिस्टर करेल, ती कडक आहे, तिच्यापुढे चेनबिन चालायची नाही. जे असेल ते तिला दाखवा. वाढलेली असेल तर वाढलेली.

मी? मी बाकावर बसेन. तुमच्या बाजूला. रजा टाकते उद्याची.

आणि खिडकीवर विचारतील, सोबत कोण आहे? नेहमी विचारतात, केसपेपरवर लिहावं लागतं. तेव्हा सिस्टर म्हणू नका. मुलगी म्हणा.

… हो. जेवते. नाही, शपथ, वर्ग झाला की जेवते. तुम्ही पाय उशीवर ठेवा. वहिनीला म्हणावं ती शूर आहे, तुमच्या तोंडून सांगा, तिला बरं वाटेल.

ठेवा आता. बाहेर सगळे ताटकळलेत.

ठेवा ना…

तुम्हीच ठेवा, बाबा. मला आत्ता ठेवता यायचा नाही.